कॅनडाला निघताय? हत्यारं जळगावातून न्यायची की तिथं घ्यायची?

पक्कड, पाने, हातोडी ही हाताला बसलेली हत्यारं खुशाल न्या, पण चेक-इन सामानात. पेचकस मात्र तिथंच घ्या. कॅनडात चौकोनी खाचेचे रॉबर्टसन स्क्रू सर्रास असतात.

खरा घोळ ड्रिल-ग्राइंडरचा. आपल्याकडे २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. तिकडे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ. नुसता प्लग बदलून भागत नाही, आपलं ड्रिल तिथं मरगळतं. व्होल्टेज वाढवणारा ट्रान्सफॉर्मर घेतला तर त्याचंच ओझं. बॅटरीचं ड्रिल असेल तर सुटी बॅटरी केबिनमध्येच न्यावी लागते, १६० वॅट-तासांहून जास्त क्षमतेची तर नेताच येत नाही. चार्जरही तिथं चालेल असं नाही. माझं ऐकाल तर ड्रिल इथंच एखाद्या धाकट्या भावाला द्या, तो त्यावर कमवेल. ऑस्ट्रेलियाला निघाला असतात, तर वेगळं सांगितलं असतं. तिथं व्होल्टेज आपल्यासारखंच आहे, प्लग तेवढा निराळा.