थिंकपॅड एक्स२३० चा बायोस बदलून आठ महिने झाले

लॅपटॉप आहे थिंकपॅड एक्स२३०. २०१२ चं मॉडेल, आय५-३३२०एम, १२.५ इंची स्क्रीन, मी चार वर्षांपूर्वी सेकंडहँड नऊ हजाराला घेतला आणि तेव्हापासून घरात सगळे विचारतात की हा डबा अजून का वापरतोस. कारण एकच, कीबोर्ड. आणि दुसरं म्हणजे यातलं सगळं उघडून बदलता येतं. रॅम १६ जीबी केली, एसएसडी टाकली, विंडोज १० चा सपोर्ट संपणार होता म्हणून आधीच लिनक्स मिंटवर आलो, सगळं मस्त चाललेलं, फक्त वायफाय रडकं.

माझ्या पीसमध्ये सेंट्रिनो २२०० कार्ड होतं, ते फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं. आमच्या बिल्डिंगमध्ये त्या बँडवर एवढे राउटर की डोंबिवलीची सकाळची लोकल परवडली. घरी प्लॅन १०० एमबीपीएसचा आणि संध्याकाळी आतल्या खोलीत १२-१५ मिळाले तरी नशीब. म्हणून इंटेल ७२६० चं छोटं मिनी पीसीआय एक्सप्रेस कार्ड मागवलं, बसवलं, बटण दाबलं आणि समोर काळ्या स्क्रीनवर ओळ आली, १८०२, अनऑथराइज्ड नेटवर्क कार्ड, मशीन बंद करा आणि कार्ड काढा. झालं, पुढे जायचंच नाही. बायोस म्हणजे बटण दाबल्यावर सगळ्यात आधी चालणारा, मदरबोर्डवरच्या चिपमधला प्रोग्रॅम. मूळ बायोसमध्ये चालणाऱ्या कार्डांची एक यादी असते, व्हाइटलिस्ट म्हणतात तिला, यादीबाहेरचं कार्ड दिसलं की तो तिथेच अडून बसतो.

यावर उपाय दोन. एक आयव्हीरेन, म्हणजे पेनड्राइव्हवरून बूट करून मूळ बायोसचीच सुधारलेली आवृत्ती टाकायची, लॅपटॉप उघडायचीही गरज नाही, फक्त बायोस बऱ्यापैकी जुन्या व्हर्जनवर लागतो, नवा असेल तर आधी मागे न्यायचा. दुसरा म्हणजे थेट कोअरबूट, मूळ बायोसच्या जागी बसणारा ओपन सोर्स पर्याय, १९९९ पासून लिनक्सबायोस नावाने सुरू झालेला प्रोजेक्ट, २००८ ला नाव बदललं. घाईत असाल तर पहिला घ्या, खरंच. मी दुसरा घेतला कारण पहिल्यातही गडबड झाली तर शेवटी बायोसच्या चिपला क्लिप लावून, बाहेरून लिहूनच वाचवायचं असतं, मग म्हटलं क्लिप घ्यायचीच आहे तर सुरुवातच तिच्यापासून करू. हा युक्तिवाद बायकोला पटला नाही.

ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवरून सीएच३४१ए प्रोग्रॅमर (चिप वाचायचा-लिहायचा छोटा बोर्ड), आठ पायांची क्लिप आणि जंपर वायरी आणल्या. पाचशेच्या आसपास गेले सगळे मिळून. घरी आल्यावर सगळ्यात शहाणपणाचं काम केलं ते म्हणजे वापरायच्या आधी मल्टिमीटर लावला. हा जो काळा बोर्ड सगळीकडे मिळतो त्याच्या बऱ्याच पीसमध्ये चिपला पॉवर ३.३ व्होल्टच जाते पण डेटाच्या पिनांवर ५ व्होल्ट येतात, आणि लॅपटॉपमधली चिप ३.३ ची असते. माझ्या बोर्डवरही पाचला टेकलेलंच रीडिंग होतं. असाच वापरून काही झालं नाही म्हणणारेही खूप आहेत, बोर्डवरचा एक पाय उचलून दुरुस्तही करतात लोक, पण माझा हात सोल्डरिंगला थरथरतो. मित्राकडे रास्पबेरी पाय ३, म्हणजे तळहाताएवढा एका बोर्डवरचा कॉम्प्युटर, धूळ खात पडला होता तो उचलून आणला. त्याच्या पिना मुळातच ३.३ च्या. म्हणजे प्रोग्रॅमरचे पैसे पाण्यात, पण असो.

एक्स२३० मध्ये चिपा दोन असतात हे आधी नीट समजून घ्या. कीबोर्ड आणि तळहात टेकायचा भाग काढला, वरची काळी फिल्म उचलली की शेजारी शेजारी दिसतात. स्क्रीनकडची ४ एमबीची, आपल्याकडची ८ एमबीची. दोन्ही मिळून १२ एमबीची एक सलग जागा धरली जाते, त्यात पहिल्या ५ एमबीत डिस्क्रिप्टर (या जागेचा नकाशा), इथरनेटचा मॅक ॲड्रेस (नेटवर्कवरचा ओळख नंबर) आणि इंटेलचं मॅनेजमेंट इंजिन (इंटेलचं स्वतःचं बंद फर्मवेअर), आणि उरलेले ७ एमबी बायोसचे. कोअरबूटसाठी फक्त ४ एमबीवाली बदलली तरी भागतं. ८ वालीला मी आजपर्यंत हात लावलेला नाही, वाचून कॉपी तेवढी घेतली. मॅनेजमेंट इंजिन छाटून टाकणारे आहेत, पण ते चुकीचं छाटलं गेलं तर मशीन चालू होतं आणि बरोबर अर्ध्या तासाने आपोआप बंद पडतं, कोणी सांगितलाय तो ताप.

बॅटरी काढली, चार्जर काढला, आतला पिवळ्या प्लास्टिकमधला छोटा सेल पण काढला. चिपवर एका कोपऱ्यात बारीक ठिपका असतो तो पाय नंबर एक, क्लिपची लाल वायर तिकडे. आणि मग सुरू झाला खरा छळ. क्लिप बसते असं वाटतं पण बसत नाही. फ्लॅशरॉमला, म्हणजे चिप वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या प्रोग्रॅमला, चिपच दिसेना, मग दिसली, मग वाचली, पुन्हा वाचली, दोन्ही फायलींचे चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा आकडा, फायली सारख्या तर तोही सारखा) वेगळे. तिसऱ्यांदा तिसराच. दीड तास मी क्लिप काढ-घाल करत होतो, चूक क्लिपची नव्हतीच, वायरी हातभर लांब होत्या आणि वाचायचा स्पीड मी ८००० ठेवला होता. वायरी आखूड केल्या, एसपीआयस्पीड ५१२ केला, एका रीडला मिनिटभर जास्त जातं पण तीनदा वाचलं आणि तिन्ही चेकसम अक्षर न अक्षर सारखे. हे तीनदा सारखं आल्याशिवाय पुढे जाऊ नका हे मी हात जोडून सांगतोय, कारण माझं पुढे काय झालं ते ऐका.

कोअरबूट मी स्वतः बिल्ड केला होता, मेन्यूत बोर्ड निवडायचा, पेलोड (कोअरबूटनंतर चालून सिस्टिम बूट करणारा भाग) म्हणून सीबायोस घ्यायचा, कंपायलर तयार व्हायलाच तास सव्वा तास लागतो, बाकी अवघड काही नाही, एक्स२३० ची रॅम आणि डिस्प्ले सुरू करायला बाहेरच्या कुठल्या बंद फायली लागत नाहीत. तयार होते ती फाइल १२ एमबीची. त्यातले शेवटचे ४ एमबी कापून स्क्रीनकडच्या चिपमध्ये टाकायचे, म्हणजे फाइल कापायच्या डीडी कमांडमध्ये स्किप (सुरुवातीचे किती एमबी सोडायचे) बरोबर ८ आणि काउंट (किती घ्यायचे) बरोबर ४. रात्री साडेबाराला मी लिहिलं फक्त काउंट बरोबर ४. स्किप विसरलो. म्हणजे पहिले ४ एमबी कापले गेले.

फाइलची साइज बरोब्बर ४१,९४,३०४ बाइट्स. फ्लॅशरॉमने आनंदाने इरेज केलं, लिहिलं, व्हेरिफाय केलं, शेवटी व्हेरिफाइड म्हणून सर्टिफिकेट पण दिलं. मी खुशीत सेल लावला, चार्जर लावला, बटण दाबलं. पॉवरची लाइट लागली, पंखा फिरला, स्क्रीन काळी. बीप नाही, काही नाही. दोन मिनिटं, पाच मिनिटं. पहिल्यांदा रॅम ओळखायला वेळ लागतो असं वाचलेलं, त्या आशेवर दहा मिनिटं बसलो. मग रॅमची एक काडी काढून पाहिली, मग दुसरी. काही नाही.

त्या रात्री झोप लागली नाही वगैरे म्हणणार नाही, लागली, पण सकाळी चहा घेतानाही डोक्यात तेच. व्हेरिफाइड आलं ना, मग मेला कसा? ऑफिसला जायच्या आधी डेस्कटॉपवर ती फाइल हेक्सडंपमध्ये उघडली, त्यात फाइलचा एकेक बाइट दिसतो आणि एफएफ म्हणजे रिकामा. पहिली ओळ एफएफ एफएफ एफएफ एफएफ, शेवटपर्यंत एफएफ, आणि खाली एक चांदणी. बस. चांदणी म्हणजे वरचीच ओळ पुन्हा पुन्हा. अख्खी ४ एमबी फाइल कोरी. मी कोरा कागद जपून लिहिला होता आणि फ्लॅशरॉमने तपासून सांगितलं होतं की हो, कोराच आहे. प्रोसेसर जागा झाल्यावर पहिली सूचना त्या जागेच्या अगदी शेवटच्या १६ बाइट्समध्ये शोधतो, तिथेही एफएफ, मग तो बिचारा काय करणार.

संध्याकाळी पुन्हा उघडला. यावेळी हाताला सवय झाली होती, क्लिप दुसऱ्या प्रयत्नात बसली. आधी मूळ बॅकअप परत टाकला, चुकीतून परत येता येतं का हे एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. चार-पाच मिनिटं, बटण, आणि तो जुना लोगो दिसला तेव्हा मी एकटाच जोरात हसलो, आणि पाठोपाठ तीच १८०२ ची ओळ, कारण नवीन कार्ड आतच होतं! आयुष्यात पहिल्यांदा ती ओळ बघून बरं वाटलं. मग स्किप ८ लावून नीट कापलेली फाइल टाकली आणि सीबायोसचं प्रेस एस्केप फॉर बूट मेन्यू आलं.

पण अजून संपलं नव्हतं. बूटिंग फ्रॉम हार्ड डिस्क असं लिहून पुन्हा गप्प. मिंट मी यूईएफआय, म्हणजे बूटिंगच्या नव्या पद्धतीत इन्स्टॉल केलेलं आणि सीबायोस जुन्या पद्धतीचा, त्याला ते बूटलोडर दिसतच नाही. लाइव्ह पेनड्राइव्हवरून १ एमबीचं बायोस बूट पार्टिशन बनवलं, ग्रब, म्हणजे लिनक्सचा बूटलोडर, परत टाकला, आलं. हे मी आधी केलं असतं तर अर्धा तास वाचला असता. तुम्ही आधी करा.

आता आठ महिन्यांचा रोजचा वापर. वायफाय, ज्यासाठी हा सगळा खटाटोप, त्याच खोलीत ९० च्या वर मिळतं, ५ गिगाहर्ट्झवर, तक्रार शून्य. बटण दाबल्यापासून ग्रब येईपर्यंत दोन-तीन सेकंद, आधी लोगोच तेवढा वेळ बसून असायचा. झाकण मिटलं की झोपतो, उघडलं की उठतो, आठ महिन्यांत दोनदा तेवढा उठला नाही आणि तेही नवीन कर्नल आल्याच्या आठवड्यात, त्यामुळे दोष कोणाचा ते मी ठरवत बसलो नाही. आवाज, ब्राइटनेस, माइक बंद करायचं बटण, कीबोर्डवरचा तो वरून पडणारा दिवा, सगळं चालतं. एफ१ दाबून जायचं सेटिंगचं पान मात्र गेलं. ज्या काही सेटिंग आहेत त्या टर्मिनलवरून एनव्हीरॅमटूलने बदलायच्या, मी बदललेली एकच, डाव्या कोपऱ्यातलं एफएन आणि शेजारचं कंट्रोल यांची अदलाबदल. ते मूळ बायोसमध्येही होतं म्हणा.

एक फायदा मी आधी मोजला नव्हता, आता नवीन बिल्ड टाकायला क्लिप लागत नाही. लिनक्स चालू करताना कर्नलला आयओमेम रिलॅक्स्ड हा पर्याय दिला की फ्लॅशरॉम आतूनच बायोसचा भाग लिहितो. त्यामुळे मुलीने काढलेलं मांजराचं चित्र आता चालू होताना दिसतं. मांजराला पाच पाय आहेत.

आता जे चुकलं ते. बॅटरी. जुनी पाऊण तासावर आली होती म्हणून बाहेरची कंपॅटिबल बॅटरी आणली, ती चार्जच होईना. मला वाटलं कोअरबूट आहे, चालेल. नाही. बॅटरी खरी की बाहेरची हे या मॉडेलमध्ये एम्बेडेड कंट्रोलर (बॅटरी, कीबोर्ड सांभाळणारी वेगळी छोटी चिप) ठरवतो, त्याचं फर्मवेअर वेगळं, कोअरबूट त्याला हातही लावत नाही. ते बदलायचा पॅच आहे, लोक त्यावरच जुना सात ओळींचा कीबोर्डही बसवतात, पण तो टाकायला मूळ बायोस लागतो. म्हणजे मला आता सगळं उघडून, जुना बायोस परत टाकून, कंट्रोलर पॅच करून, पुन्हा कोअरबूट टाकावा लागणार. हे काम सगळ्यात आधी करायचं होतं, कोणी एक ओळ सांगितली असती तर. म्हणून मी सांगतोय. बॅटरी विकणाऱ्याने परत घेतली नाही, ती कपाटात आहे.

आणखी एक, सीबायोसमुळे फक्त जुन्या पद्धतीचं बूटिंग, तर यूईएफआयवरच अडून बसणारं काही चालवायचं असेल तर आयव्हीरेनच बघा. ऑफिसच्या कामाचा एकुलता एक लॅपटॉप असेल तर दोन्ही नको, दुसरं मशीन शेजारी नसताना हे करणं म्हणजे दोरी वर सोडून विहिरीत उतरणं. माझा डेस्कटॉप नसता तर ती चांदणी मी कुठे बघणार होतो.

दोन्ही चिपांचे मूळ डंप, म्हणजे वाचून घेतलेल्या कॉपी, माझ्याकडे तीन ठिकाणी आहेत, एक पेनड्राइव्ह तर लॅपटॉपच्या बॅगेच्या आतल्या कप्प्यातच, वर चेकसमचे शेवटचे चार अक्षर मार्करने लिहून. दुसऱ्या कोणाचा ८ एमबीवाला डंप टाकू नका, त्याचा मॅक ॲड्रेस तुमच्या मशीनला लागेल.

मेव्हण्याने हे सगळं ऐकून गेल्या रविवारी त्याचा थिंकपॅड टी४२० आणून ठेवलाय. त्यात चिप मॅग्नेशियमच्या फ्रेमखाली, मदरबोर्ड पूर्ण बाहेर काढल्याशिवाय क्लिप पोचत नाही. त्याला म्हटलं आधी माझी बॅटरी, मग तुझा नंबर.