‘रिटर्न टाकू नका भाऊ, दुसरा पीस पाठवतो’

गाडीच्या एअर फिल्टरच्या डब्यापासून थ्रॉटल बॉडीपर्यंत (इंजिनात जाणारी हवा कमीजास्त करणारी झडप) जाणारा रबरी पाइप ऑनलाइन मागवणार असाल, तर आधी हे वाचा. माझे चौदाशे रुपये अडकले आहेत आणि ज्या युक्तीने अडकले ती कुठल्याही पार्टच्या बाबतीत चालते.

गाडी जुनी, पेट्रोल. सिग्नलला उभी राहिली की आरपीएमचा काटा वरखाली नाचायचा, मग चेक इंजिनचा दिवा लागला. ओबीडी स्कॅनरवर (गाडीचा बिघाड-कोड वाचणारं यंत्र) कोड आला पी०१७१, म्हणजे मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी. गॅरेजवाल्याने काही न उघडताच थ्रॉटल बॉडी बदलायला सांगितली. (त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल.) घरी बॉनेट उघडून पाइप हाताने वाकवला, तर घड्यांच्या खोबणीत बोटभर चीर! पाइप सरळ असताना ती मिटलेली असते, दिसतच नाही. हवा मोजणाऱ्या एअरफ्लो सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, अशी चीर पडली की तिथून शिरणारी हवा मोजलीच जात नाही. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, मोजलेल्या हवेपुरतंच पेट्रोल सोडतो आणि इंजिन अडखळतं. वर फिल्टर न झालेली धूळ आत जाते ती वेगळीच.

काम तसं सोपं. दोन होज क्लिप, ब्रीदरची नळी (इंजिनातली वाफ पाइपात आणणारी), झालं. म्हणून एका मोठ्या शॉपिंग ॲपवर पाइप शोधला. ‘१०० टक्के ओरिजनल, कंपनी पॅक’ असं लिहिलेलं, फोटोत होलोग्राम, रिव्ह्यू चांगले.

पार्सल उघडलं तेव्हाच वास आला, स्वस्त चपलांच्या रबराला येतो तसा उग्र. होलोग्राम म्हणजे चकचकीत कागद, नखाने खरवडला तर निघून आला. जुन्या पाइपवर पार्ट नंबर रबरातच उमटवलेला आहे. नव्यावर काहीच नाही, नंबर फक्त खोक्यावर. लेबलवर एमआरपी होती, पण बनवणाऱ्याचं नाव-पत्ता नाही, महिना-वर्ष नाही. पॅकबंद मालावर हे सगळं छापणं २०११च्या वजनमाप नियमांनुसार बंधनकारक आहे. तरी एकदा लावून पाहिला. थ्रॉटलच्या तोंडावर जुना पाइप जोर लावून चढवावा लागतो, हा नुसता ठेवला तरी बसला. क्लिप शेवटपर्यंत आवळली तर रबराला एका बाजूला चुणी पडली आणि फट तशीच. लगेच काढून ठेवला, जुन्याला टेप गुंडाळली आणि फोटो काढले.

खरा खेळ इथून पुढे. ॲपवर रिटर्न टाकायच्या आधीच विक्रेत्याचा व्हॉट्सॲप मेसेज आला. माझा नंबर पार्सलवरून घेतला असणार. बोलणं फार गोड. “सॉरी भाऊ, गोडाऊनच्या पोरानं चुकीचा पीस टाकला. रिटर्न टाकू नका, माझं रेटिंग पडतं. उद्याच बरोबर पीस पाठवतो, तो चुकीचा तुमच्याकडेच राहू द्या.” मग कुरिअरची पावती आली, तिच्यावरचा नंबर ट्रॅकच होईना. मग म्हणे मालक गावाला गेलेत. मग म्हणे गुगल पेवर पैसे टाकतो, क्यूआर पाठवा. रोज काहीतरी नवीन, पण उद्धट शब्द एकही नाही. ॲपवरची सात दिवसांची परतीची मुदत संपली आणि त्याच संध्याकाळी उत्तर आलं: “तुम्ही पार्ट फिट करून काढलाय, वापरलेला माल परत होत नाही.” पुढच्या मिनिटाला ब्लॉक.

कस्टमर केअरचं ठरलेलं वाक्य, मुदत संपली. पण २०२०च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांत सदोष किंवा बनावट माल परत घ्यायला विक्रेता नकार देऊ शकत नाही. ॲपच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असतो. त्याचं नाव-ईमेल ॲपच्या पानाच्या अगदी तळाशी बारीक अक्षरात असतं, तिथे लिहा. मी लिहिलं, सोबत राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वरही तक्रार नोंदवली. पोच आली आहे, पैसे अजून नाहीत. नाहीच आले तर जिल्हा ग्राहक आयोगात जाणार. पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला तिथे फी नाही.

पाइप शेवटी पुण्यात नाना पेठेत मिळाला. काउंटरवरच्या काकांनी चॅसिस नंबर मागितला, कॉम्प्युटरवर नंबर काढला, माझा जुना पाइप शेजारी ठेवून दोन्ही तोंडं मापून दाखवली आणि पक्कं बिल दिलं. किंमत ॲपपेक्षा दोनेकशे जास्त. बसवताना थ्रॉटलच्या तोंडात स्वच्छ फडकं कोंबून ठेवा, म्हणजे जुन्या पाइपचा भुगा आत पडत नाही. क्लिप हाताने घट्ट वाटली की थांबा. काटा आता जागेवर असतो.

तुमच्याकडे पार्सल आलंच असेल तर उघडतानाचा व्हिडिओ करा आणि विक्रेता काहीही म्हणो, रिटर्न ॲपवरच टाका, त्याच दिवशी. व्हॉट्सॲपवरच्या आश्वासनाने मुदत थांबत नाही. माझ्या विक्रेत्याचं दुकान ॲपवरून गायब झालंय, पण तोच पाइप दुसऱ्या नावाखाली विकायला आहे. फोटो तोच, मागची निळी टाइल तीच, रिव्ह्यू मात्र कोरे.