वर्डप्रेसचं प्लगइन ऑटो-अपडेट: एक कापूस हंगाम वापरल्यावर

आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीची साइट वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरवर चालते. पेरणीच्या आधी तिच्यावरच्या सगळ्या प्लगइनचं (साइटला जोडायच्या जादा प्रोग्रामचं) ऑटो-अपडेट, म्हणजे नवी आवृत्ती आपोआप बसणं, चालू केलं होतं. आता शेवटची वेचणी सुरू आहे, तेव्हा सविस्तर लिहितो. सोय फुकट आहे, वर्डप्रेसच्या ५.५ आवृत्तीपासून आहे, कुठे सापडते ते सगळ्यांना माहीत आहे.

आधी तक्रार, कारण तीच मोठी आहे. अपडेटची तपासणी दिवसातून दोनदा व्हायला हवी, पण वर्डप्रेसला स्वतःचं घड्याळ नाही. कोणी साइट उघडली तरच ते राहिलेली कामं काढून बसतं. पुण्यातल्या दुकानाच्या साइटला हे जाणवणारही नाही. आमच्या पांढरकवड्याकडच्या साइटवर पेरणी आणि कापूस खरेदी सोडली तर येतं कोण? त्यात कॅशिंग प्लगइन असलं तर आलेल्या माणसाला आधीच तयार असलेलं पान मिळतं, वर्डप्रेसचा पीएचपी भाषेतला कोड चालतच नाही आणि अपडेट तसंच पडून राहतं.

हे चालढकल करण्यासारखं प्रकरण नाही. सप्टेंबर २०२० मध्ये फाइल मॅनेजर प्लगइनमधला दोष दुरुस्त करणारी ६.९ आवृत्ती आली तेव्हा हल्ले आधीच सुरू झालेले होते. लॉगिन न करता कोणीही सर्व्हरवर फाइल चढवू शकत होतं आणि प्लगइन ७ लाखांहून जास्त साइटवर होतं. दोष थेट उघडता येणाऱ्या एका फाइलमध्ये होता, त्यामुळे प्लगइन नुसतं निष्क्रिय करून भागत नव्हतं. निष्क्रिय प्लगइनच्या फाइली सर्व्हरवर तशाच राहतात. वापरत नसाल तर डिलीटच करा.

घड्याळावरचा उपाय फुकटचा आहे. सीपॅनेलमध्ये (होस्टिंगच्या नियंत्रण पानावर) 'क्रॉन जॉब्स' म्हणजे ठरल्या वेळी चालणारी कामं उघडा, दर १५ मिनिटांनी आपल्या साइटचा डब्ल्यूपी-क्रॉन पत्ता (राहिलेली कामं सुरू करणारा) उघडणारी आज्ञा टाका, बस. वर्षाचं सुरक्षा पॅकेज गळ्यात मारायला आलेल्यानं याबद्दल चकार शब्द काढला नव्हता!

ऑटो-अपडेटनं साइट मोडते म्हणून ते हातानंच करावं, असं माझं मत होतं. ते बदललं. वर्डप्रेस ६.६ पासून, म्हणजे जुलै २०२४ पासून, सक्रिय प्लगइन आपोआप अपडेट झाल्यावर पीएचपीची घातक (साइट बंद पाडणारी) चूक आली तर जुनी आवृत्ती आपोआप परत बसते. पण पान वाकडं दिसलं किंवा चौकशीचा फॉर्म मुका झाला तर ते त्याला कळत नाही. फॉर्म आठवड्यातून एकदा स्वतः भरून पाहावा आणि बॅकअप सर्व्हरच्या बाहेर ठेवावा. अपडेटचे मेल कुणाकडे जातात तेही सेटिंग्जमध्ये बघा. बहुतेक ठिकाणी साइट बनवून देणाऱ्या पोराचाच पत्ता राहिलेला असतो.

एक तारा मात्र कापतो. वर्डप्रेसच्या प्लगइन डिरेक्टरीतून (अधिकृत यादीतून) काढून टाकलेल्या प्लगइनबद्दल वर्डप्रेस काहीच सांगत नाही. अपडेट नाही म्हणजे सगळं ठीक, असंच दिसतं. वर्डफेन्स या सुरक्षा प्लगइनचं मोफत स्कॅन हे पकडतं, म्हणून तेवढ्यासाठी ते ठेवलंय. थीमसोबत (साइटच्या तयार रूपासोबत) आलेले विकतचे प्लगइन तर बहुधा या व्यवस्थेच्या बाहेरच असतात. २०१४ मध्ये स्लायडर रिव्होल्यूशन या फोटो सरकवणाऱ्या प्लगइनच्या जुन्या आवृत्त्यांतून डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल कोणीही उतरवून घेऊ शकत होतं. तो स्लायडर कितीतरी थीमच्या पोटात होता, त्यामुळे मालकाला तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हतं. तीन फोटो सरकवायला एवढं ओझं काहून पोसायचं? आमच्या साइटवरचा काढला, एकच स्थिर फोटो ठेवला. गावातल्या रेंजवर पानही लवकर उघडतं.