दुबईची अब्रा: बर दुबई ते डेरा, भाडं एक दिरहॅम

माणसांना पाण्यापार नेणाऱ्या ज्या होडीला कोकणात आम्ही 'तर' म्हणतो, तिचं दुबईतलं नाव अब्रा. अरबीत 'अबर' म्हणजे पार करणं, त्यावरून. दुबईच्या खाडीच्या एका काठाला बर दुबई, दुसऱ्या काठाला डेरा, आणि ही लाकडी होडी दिवसभर माणसं इकडून तिकडे नेते. भाडं माणशी एक दिरहॅम. पार व्हायला पाच-सात मिनिटं. लोक बुर्ज खलिफाबद्दल आणि मॉलबद्दल भरभरून लिहितात. मला या होडीबद्दल लिहायचंय, कारण ज्या शहरात माझं बालपण गेलं तिथे होती तशी जागेवर मला हीच एक गोष्ट सापडली.

बाबा 1984 साली तिकडे गेले. मी बालवाडीपासून दहावीपर्यंत, म्हणजे 1997 पर्यंत, तिथल्या एका सीबीएसई शाळेत होते. या जानेवारीत आम्ही वर्गातले पाच जण इतक्या वर्षांनी दुबईत भेटलो. एक कोट्टयमची, एक मंगळूरचा, एक हैदराबादची, एक कापडाच्या धंद्यातल्या सिंधी घरातला आणि मी गुहागरची. सिंधी मित्र तेवढा अजून तिथे आहे, बाकी सगळे चार दिशांना.

शाळासोबती भेटले की आधी शाळा बघायला जातात, मग कुणाचं घर, मग कोपऱ्यावरचं दुकान. आम्हाला तसं जमेना. बर दुबईजवळच्या करामा भागातली आमची इमारत पाडून तिथे नवी उभी राहिलीय. खालचा बकाला, म्हणजे किराणावाला, जो फोन केला की चौथ्या मजल्यावर खबूस, म्हणजे अरबी रोटी, आणि दही आणून द्यायचा, त्याचं दुकान गेलं. शिवमंदिरही जुन्या मंदिरगल्लीतून 2024 च्या जानेवारीत दूरच्या जेबेल अली भागात हललं. शुक्रवारची सुट्टीसुद्धा राहिली नाही, 2022 पासून तिकडे शनिवार-रविवार झालाय. आमच्या बालपणाचा तो वारच हलवला याचं मला इमारतीपेक्षा जास्त वाईट वाटलं. शुक्रवार म्हणजे बाबा घरी, सकाळी पोळ्यांऐवजी पराठे, संध्याकाळी मंदिर आणि मंदिरानंतर अब्रा.

पहिल्या रात्री आम्ही चूक केली. एका मोठ्या धाऊवर, म्हणजे अरबी लाकडी गलबतावर, जेवणाची सफर बुक केली, दोन तासांची. दिव्यांच्या माळा, बुफे, घेरदार झगा घालून गरगर फिरण्याचा तनुरा नाच. स्पीकर इतका मोठा की शेजारच्याचं ऐकू येईना. अठ्ठावीस वर्षांनी भेटलेली माणसं आम्ही, आणि दोन तास एकमेकांकडे बघून नुसते हसत होतो. पैसे गेले त्याचं काही नाही, पाच दिवसांतली एक अख्खी रात्र गेली त्याचं वाटतं. भेटायला, बोलायला जाणार असाल तर असल्या सफरीच्या वाटेला जाऊ नका.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरल्यावर कापडबाजारातून चालत धक्क्यावर गेलो. तिकीटखिडकी नाही, वेळापत्रक नाही. होडी धक्क्याला टेकते, वीसेक माणसं भरली की सुटते. कठडा कुठेच नाही. चढताना होडी पायाखाली हलते, फटीवरून पाऊल टाकावं लागतं. गुडघे दुखत असतील तर सोबत कुणीतरी हवंच. हैदराबादच्या मैत्रिणीला आम्ही दोघींनी हात दिला. होडीच्या मधोमध लांब बाकडं असतं आणि त्यावर दोन रांगा पाठीला पाठ लावून बसतात, तोंडं पाण्याकडे. मध्ये एका खड्ड्यात इंजिन आणि तिथेच तांडेल. डोक्यावर छत, बाजू उघड्या.

या बसण्यातच सगळी मजा आहे. जेवणाच्या टेबलावर समोरासमोर बसलं की केस किती पांढरे झाले, कोण किती जाड झालं हे आधी दिसतं. नोकरी काय, मुलं किती, यावर गाडी अडते. अब्रात खांद्याला खांदा लागतो आणि नजर पाण्यावर राहते. समोर बघत बोलता येतं. मंगळूरचा वर्गात कधी तोंड उघडत नसे, तो होडी सुटल्यावर आपणहून म्हणाला, "तुम्हाला अबला आठवते?"

अबला म्हणजे आमच्या अरबीच्या बाई. तिकडे शिक्षिकेला अबला म्हणतात, आणि अरबी विषय शाळेत सगळ्यांना सक्तीचा होता. उन्हाळ्यात गुहागरला आले की मी आजीला अबलेच्या गोष्टी सांगायचे. आजी म्हणायची, "अगो, वर्गभर पोरांना उभं करते ती अबला कशी?" होडीत हे सांगितलं तेव्हा कोट्टयमच्या मैत्रिणीला मराठी अर्थ पहिल्यांदा कळला. मग ती अबलेच्या आवाजात ओरडली, "उस्कुत!" गप्प बस! बाकड्याच्या दुसऱ्या बाजूचे दोन कामगार वळून बघायला लागले आणि तेही हसले.

भाडं होडी चालू असतानाच गोळा होतं. तांडेल जागचा उठत नाही, नाणी हातोहात त्याच्याकडे सरकत जातात. अनोळखी माणूस तुमच्या तळहातावर दिरहॅम ठेवतो, तुम्ही तो पुढच्याच्या हातात द्यायचा. लहानपणी हे काम बाबा माझ्याकडे द्यायचे. आमच्या वेळी पन्नास फिल्स लागायचे, शंभर फिल्सचा एक दिरहॅम. पंचवीसच्या नाण्यावर हरीण, पन्नासवर तेलविहिरींचे मनोरे, दिरहॅमवर दल्ला, म्हणजे त्यांची कॉफीची सुरई. 1995 साली पन्नासचं आणि दिरहॅमचं नाणं लहान झालं, पन्नासला सात बाजू आल्या. सिंधी मित्राने खिशातून जुनं, मोठं, गोल पन्नास फिल्स काढलं. त्याच्या वडिलांच्या गल्ल्यातलं. ते आम्ही पाचही जणांनी हातात धरून पाहिलं. आकाराने आत्ताच्या दिरहॅमला भारी पडेल असं, कडा झिजलेल्या, मनोरे अजून स्पष्ट. तांडेलालाही दाखवलं. तो बांगलादेशातल्या चितगावचा, विशीतला, असलं नाणं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

तेवढ्यात मगरिबची, म्हणजे सूर्यास्ताची, अजान झाली. एका काठाची सुरू होते, दुसऱ्या काठाची एक-दोन क्षण मागून येते आणि मधे पाण्यावर दोन्ही एकमेकींत मिसळतात. हे मी विसरले होते. डिझेलचा वास, खारा वारा, हिवाळ्यातले सीगल हे सगळं लक्षात होतं, पण ही दोन आवाजांची अजान कानावर पडेपर्यंत आठवली नव्हती. पुढची दोन मिनिटं कुणीच बोललं नाही.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे लिहायला बसले ती.

कोट्टयमची मैत्रीण सातवीत माझ्या बाकावर होती. 1994 च्या एप्रिलात तिच्या वडिलांची नोकरी गेली. तिकडे राहणं नोकरीला बांधलेलं. नोकरी संपली की व्हिसा संपला, व्हिसा संपला की घर. महिन्याभरात सगळे परत गेले. दर जूनमध्ये वर्गातले दोन-तीन बाक असे रिकामे व्हायचे आणि जुलैची सुट्टी संपली की त्यावर नवी मुलं बसायची. आम्ही त्याबद्दल बोलायचो नाही, ते पावसासारखं धरून चाललेलं असे. मला मात्र वाटत राहिलं की ती विसरली. एकही पत्र आलं नाही.

होडीत ती म्हणाली, "मी तीन पत्रं पाठवली होती."

दुबईत घरपोच टपाल नसे. पत्त्यात घर नाही, रस्ता नाही, फक्त पोस्ट बॉक्सचा नंबर, आणि तोही बहुतेकांचा वडिलांच्या कंपनीचा. ऑफिसातून पाकिटं घरी आणायचे बाबा. 1994 मध्येच बाबांनी कंपनी बदलली होती. तिची तीन पत्रं जुन्या बॉक्सात गेली असणार आणि तिथे ती घेणारं कुणी नव्हतं. पाकिटाच्या मागे मात्र तिने आपला कोट्टयमचा पूर्ण पत्ता लिहिला होता. तीस वर्षं मी तिच्यावर रुसले होते आणि ती माझ्यावर. तो पोस्ट बॉक्स नंबर तिने तिथल्या तिथे पाठ म्हणून दाखवला. माझा मला आठवत नव्हता.

डेराचा धक्का आला. सगळे उतरले, आम्ही पुढच्या रांगेत जाऊन परत बसलो. बर दुबईला उतरून पुन्हा बसलो. चार खेपा केल्या, पाच माणसांचे वीस दिरहॅम. कुणी घाई करत नाही, कुणी "परत का?" विचारत नाही.

काही उपयोगी गोष्टी सांगते. चिल्लर जवळ ठेवा, आम्ही सगळीकडे रोखच दिली. अख्खी होडी हवी असेल तर तासाला 120 दिरहॅम सांगितले, पण माझं ऐका, भाड्याने घेऊ नका. डबा हातात घेऊन कामावरून परतणारी माणसं शेजारी नसतील तर ती अब्रा वाटत नाही. जानेवारीत संध्याकाळी वारा गार असतो, अंगावर ओढणी किंवा पातळ स्वेटर हवा. उन्हाळ्यात दुपारी मुळीच जाऊ नका. लहान मुलांना कडेला बसवू नका. उतरल्यावर काठावर कडक चहा आणि चिप्स ओमान, म्हणजे तिकडचे बटाट्याचे तिखट चिप्स, चुरून घातलेला चीज पराठा मिळतो, तो खा. शाळेत मधल्या सुट्टीत आम्ही खबूसमध्ये चिप्स ओमान भरून खायचो, त्याची चव याच्या जवळपास आहे, पण खबूसची सर नाही.

पाचपैकी पाच. कठडा नाही म्हणून अर्धा गुण कापावा असं हैदराबादच्या मैत्रिणीचं म्हणणं होतं, आणि गुडघे तिचे असल्यामुळे तिचं म्हणणंही इथे नोंदवते.

चौथ्या खेपेला कोट्टयमच्या मैत्रिणीने पर्समधून एक छोटी वही काढली आणि माझा पत्ता मागितला. मी म्हटलं, फोनवर पाठवते. "नको, लिही," म्हणाली. मग मी मांडीवर वही घेऊन लिहायला लागले. घराचं नाव, गल्ली, मारुतीच्या देवळामागे, चिपळूण, जिल्हा रत्नागिरी. शेजारून एक मोठी बोट गेली, तिच्या लाटेने होडी डुलली आणि 415605 मधला शेवटचा पाच वाकडा झाला. तिने वही ओढून घेतली, तो पाच खोडला आणि बाजूला स्वतःच्या अक्षरात परत लिहिला.