हेपेटायटिस सी ची सरकारी फुकट ट्रीटमेंट, आईच्या ८४ गोळ्यांचा अनुभव (५ पैकी ४ स्टार)

मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी जी रक्ततपासणी करतात ना, त्यात आईचं अँटी-एचसीव्ही (हेपेटायटिस सी व्हायरसविरुद्धची अँटीबॉडी) पॉझिटिव्ह आलं आणि घरात दोन दिवस कोणी धड जेवलं नाही. तिला कधी कावीळ नाही, दारूचा तर प्रश्नच नाही, मग हे आलं कुठून? डॉक्टरांनी विचारलं कधी रक्त चढवलंय का, तेव्हा तिला आठवलं की १९९३ ला धाकट्याच्या वेळी सिझर झालं तेव्हा दोन बाटल्या चढवल्या होत्या. त्या काळात ब्लड बँकेत या व्हायरसची टेस्ट सक्तीची नव्हती. म्हणजे इतकी वर्षं हा लिव्हर पोखरत बसला होता आणि बाहेर दिसायचा तो फक्त थकवा, तोही आम्ही वयावर ढकलला, याचं मला अजून वाईट वाटतं.

आधी एका प्रायव्हेट ठिकाणी गेलो, तिथे टेस्टची भलीमोठी यादी हातात दिली पण सरकारी योजना आहे हे कोणी बोललं नाही, ते कळलं आमच्या मेडिकलवाल्या दादांकडून. २०१८ पासून केंद्राचा राष्ट्रीय व्हायरल हेपेटायटिस कंट्रोल प्रोग्राम चालू आहे, त्यात व्हायरल लोडची (रक्तात व्हायरस किती आहे त्याची) टेस्ट आणि गोळ्या दोन्ही फुकट. सरकारी हॉस्पिटलात पहिल्या दिवशी केसपेपर, रक्त, रांग यात अख्खा दिवस जातो, डबा घेऊनच जा.

पण तिथल्या समुपदेशक ताईंना मी पैकीच्या पैकी देईन. आईने रिपोर्ट आल्यापासून स्वतःचं ताट-वाटी वेगळं काढून ठेवलं होतं, नातवाला जवळ घेत नव्हती. ताईंनी तिचा हात हातात घेऊन सांगितलं, "मावशी, हा रक्तातून पसरतो, जेवणातून नाही, शिवल्याने नाही. ब्लेड, नेलकटर, टूथब्रश तेवढा वेगळा ठेवा." त्या संध्याकाळी आईने तिचं ताट धुऊन आमच्या ताटांच्या रांगेत लावलं, मी बघत होतो.

आता गोळ्यांबद्दल. प्लेटलेट कमी आणि फायब्रोस्कॅन (लिव्हर किती कडक झालंय ते मोजणारी तपासणी) १४ च्या वर, म्हणजे सिरॉसिसची (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होण्याची) सुरुवात, म्हणून सोफोसबुविर ४०० आणि वेलपाटासविर १०० एकत्र असलेली गोळी दिली, रोज एक, १२ आठवडे (सिरॉसिस नसेल तर बहुतेक सोफोसबुविरसोबत डॅक्लाटासविर देतात). २८ गोळ्यांची एक बाटली, अशा तीन. २०१३ ला अमेरिकेत सोफोसबुविर आलं तेव्हा एका गोळीला १००० डॉलर पडायचे, ८४ गोळ्यांचे ८४,००० डॉलर, आणि आपल्याकडच्या कंपन्या जेनेरिक (तेच औषध, पण स्वस्तात) बनवतात म्हणून माझ्या आईला हे मिळालं. देवघराशेजारी बाटली असायची, गोळी घेतली की ती कॅलेंडरवर फुली मारायची, एकही चुकली नाही. पहिले आठ-दहा दिवस डोकं दुखलं, बाकी काही नाही. पूर्वी इंटरफेरॉनची इंजेक्शनं असायची, सहा महिने ते वर्षभर, ताप-अंगदुखीने माणूस पार गळून जायचा, त्यापुढे हे काहीच नाही.

एक महत्त्वाचं, आई अ‍ॅसिडिटीसाठी रोज पॅन्टोप्राझोल घ्यायची ते डॉक्टरांनी बंद केलं, कारण त्याने वेलपाटासविर पोटातून नीट शोषलं जात नाही. गुळवेलीचा काढाही थांबवला. हृदयाची गोळी चालू असेल, त्यातही अ‍ॅमिओडॅरोन असेल, तर आधी सांगाच. हेपेटायटिस बी ची टेस्टही सुरुवातीलाच करून घ्या.

कोर्स संपून १२ आठवड्यांनी परत व्हायरल लोड केला, "नॉट डिटेक्टेड". एसजीपीटी (लिव्हरची सूज दाखवणारी टेस्ट) ९६ वरून २८ वर. आईने रिपोर्ट देवासमोर ठेवला. अँटीबॉडी मात्र जन्मभर पॉझिटिव्हच दाखवते, त्यामुळे कुठेही ऑपरेशनला जाताना हा रिपोर्ट सोबत ठेवा, नाहीतर परत तीच घाबरगुंडी.

एक स्टार कापला कारण निगेटिव्ह आल्यावर "झालं, आता यायची गरज नाही" म्हणून फाईल हातात दिली. व्हायरस गेला तरी लिव्हरवरचे जुने व्रण लगेच जात नाहीत, आणि सिरॉसिस झालेल्याला कॅन्सरचा धोका कमी होतो, संपत नाही, त्यामुळे दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी करायची असते हे आम्हाला दुसऱ्या डॉक्टरांनी वर्षभराने सांगितलं. ते वर्ष आमचं तपासणीशिवाय गेलं. तुमच्याकडे फायब्रोस्कॅन जास्त आला असेल तर शेवटच्या भेटीत स्वतःहून विचारा आणि केसपेपरवर लिहून घ्या. आईची पुढची सोनोग्राफी दिवाळीनंतर आहे, मी मोबाईलवर रिमाइंडर लावलाय, तिने कॅलेंडरवर गोल केलाय.