एटिमऑनलाइन: इंग्रजी शब्दांची कुळकथा सांगणारी साइट

मी मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. नवा धडा घेण्याआधी त्यातले दोन-चार शब्द एटिमऑनलाइनवर बघून जायची मला सवय लागली आहे. इंग्रजी शब्दांच्या व्युत्पत्तीची ही साइट अमेरिकेतल्या डग्लस हार्पर यांनी उभी केली. वापरायला पैसे नाहीत, खातंही उघडावं लागत नाही.

साइट काय देते ते एकाच शब्दावरून सांगते. आमच्या मुलांच्या उत्तरांत सगळंच ‘नाइस’ असतं. कविता नाइस, कवी नाइस, शेवटही नाइस. हा शब्द साइटवर शोधा. सुरुवातीलाच अर्थ दिसतो: मूर्ख, अडाणी! तेराव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, तेव्हा नाइस माणूस म्हणजे बावळट माणूस. त्याचं मूळ लॅटिन ‘नेस्किउस’. ‘ने’ म्हणजे नाही आणि ‘स्कीरे’ म्हणजे जाणणे. ज्याला काही कळत नाही तो. पुढे हाच शब्द भित्रा झाला, मग नको इतका चोखंदळ, मग नाजूक, सोळाव्या शतकात काटेकोर. ‘छान’ हा अर्थ लेखी सापडतो तो थेट १७६९ मध्ये आणि ‘प्रेमळ’ १८३० मध्ये. ‘अ नाइस डिस्टिंक्शन’ म्हणजे ‘छान फरक’ नव्हे, ‘सूक्ष्म फरक’, हे मुलांना पूर्वी नुसतं पाठ करायला लावत होते. आता कारण सांगता येतं.

एवढा अर्थ बदलतो यावर वर्गाचा विश्वास बसत नाही, तेव्हा मी ‘आगाऊ’ काढते. आगाऊ रक्कम म्हणजे आधीच दिलेली. आणि आगाऊ पोरगं? पुढे काही समजवावं लागत नाही. मग ‘नाइस’च्या शेजारी फळ्यावर ‘सिली’ लिहायचा. तो मुळात सुखी, भाग्यवान. तिथून निष्पाप, मग बिचारा, आणि १५७० च्या दशकात मूर्ख. एक शब्द वर चढला, दुसरा खाली घसरला. अख्खा तास रंगतो.

माझ्या मते साइटचं खरं बळ आहे ते तिथल्या दुव्यांत. ‘स्कीरे’वरून ‘सायन्स’कडे जाता येतं, ‘कॉन्शन्स’कडे जाता येतं. आणखी मागे गेलं की कळतं, जाणणे म्हणजे बहुधा मुळात एक गोष्ट दुसरीपासून कापून वेगळी काढणे. कापण्याच्या त्याच कुळात संस्कृतचा ‘छिद्’ धातू बसतो, म्हणजे आपले छेद, छिद्र, विच्छेद. ‘नाइस’पासून निघून ‘छेद’पर्यंत पोचल्यावर मला जो आनंद झाला तो कुठल्याही प्रशिक्षण शिबिरात झाला नव्हता. ‘मंगूस’ या शब्दाच्या नोंदीत तर मराठीचं नावच आहे. इंग्रजीत तो १६९० च्या दशकात आला. आपल्या मुंगसाचा इंग्रजीतल्या ‘गूस’शी, म्हणजे हंसाच्या जातीच्या पक्ष्याशी, काही संबंध नाही, म्हणून त्याचं अनेकवचन ‘मंगीस’ करायचं नाही, हेही मुलांच्या पक्कं लक्षात राहतं.

उणिवाही आहेत. नोंदींत काही संक्षेप असतात, नवख्याचा पहिल्यांदा गोंधळ उडतो. तारांकित रूपं, म्हणजे आधी * अशी खूण असलेले शब्द, कुठे लिहिलेली सापडलेली नाहीत, अभ्यासकांनी तुलना करून मांडलेली आहेत, हे मुलांना आधीच सांगायला हवं. सालांचंही तेच. साल म्हणजे शब्द पहिल्यांदा लेखी सापडल्याचा काळ. बोलण्यात तो त्याच्या कितीतरी आधीपासून असू शकतो. मध्ये मध्ये जाहिराती येतात. रोजच्या वापरातली साधी वाक्यं हवी असतील तर वेगळा शब्दकोश लागेलच, आणि भाषाही सोपी नाही. सातवी-आठवीच्या मुलांना शेजारी बसवून दाखवावी, एकट्याने वाचायला देऊ नये.

बी.एड. करणाऱ्यांना आणि भाषांतराचं काम करणाऱ्यांना मात्र मी ही साइट आग्रहाने सुचवेन. सतराव्या-अठराव्या शतकातलं इंग्रजी पत्र किंवा दस्तऐवज मराठीत आणताना ‘नाइस’ दिसला, तर ‘छान’ लिहून मोकळं होण्याआधी इथे एकदा बघाच.