अपुऱ्या साक्षीलाही जागा देणारी बुधवारची संगती

सोलापुरातील एका ख्रिस्ती मंडळीने (चर्चने) यंदा ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात दर बुधवारी संध्याकाळी सहा आठवडे चालवलेल्या संगतीला, म्हणजे एकत्र बसून मन मोकळे करण्याच्या बैठकीला, मी नियमाने बसलो. आपल्याकडे साक्ष, म्हणजे प्रभूने आपल्यासाठी काय केले हे सर्वांसमोर सांगणे, नेहमी भूतकाळातच का दिली जाते, हा माझ्या मनातला जुना प्रश्न तिथे प्रथमच उघडपणे विचारला गेला. ‘मी दारू पीत होतो, प्रभूने सोडवले’ असे सांगणाऱ्याला आपण पुढे बोलावतो. ‘मी अजून पितो’ असे म्हणणाऱ्याशी कसे बोलावे, हेच आपल्याला कळत नाही.

नियम दोनच होते: सल्ला द्यायचा नाही, आणि समोरच्याचे बोलणे संपण्याआधी बायबलचे वचन पुढे करायचे नाही. दुसरा नियम सर्वांनाच जड गेला, मलाही. तिसऱ्या बुधवारी बायबलमधील, पौल प्रेषिताने लिहिलेल्या करिंथकरांस दुसऱ्या पत्राचा बारावा अध्याय वाचला गेला. ‘माझी कृपा तुला पुरे आहे’ हे नववे वचन आपल्या भिंतींवर टांगलेले असते. पण त्याच्या अगोदर पौलाने शरीरातला काटा, म्हणजे सतत छळणारी पीडा, निघावा म्हणून तीनदा विनवणी केली आणि तरीही तो निघाला नाही, हे आपण वाचूनही ओलांडतो. त्या संध्याकाळी मी माझ्या रागाविषयी आणि त्यापायी मुलाशी बंद पडलेल्या बोलण्याविषयी प्रथमच वर्तमानकाळात बोललो. यंत्रमागावर काम करणारे एक बंधू म्हणाले, ‘ताण्याचा धागा तुटला तर माग थांबवून गाठ मारावी लागते; तसाच चालवला तर दोष कापडभर जातो.’ खरे तर हाही सल्लाच होता, पण कोणी हरकत घेतली नाही.

स्तोत्र ५१, म्हणजे दाविद राजाचे पश्चात्तापाचे गीत, वाचले तो बुधवार मात्र फसला. दाविदाच्या भग्न हृदयावर तासभर बोलणे झाले. दाविदाने जिच्याशी व्यभिचार केला ती बथशेबा आणि त्यापायी जिवाला मुकलेला तिचा नवरा उरीया यांचा उल्लेख ओझरताच आला. आपल्या पापामुळे जो दुसरा माणूस मोडला, त्याला काय उत्तर द्यायचे, हा प्रश्न तसाच राहिला.

सर्वांत मोठी उणीव गुप्ततेची आहे. आपल्या समाजात प्रत्येक जण कोणाचा तरी सोयरा असतो. एका भगिनीने बुधवारी सांगितलेली गोष्ट रविवारच्या उपासनेनंतर तिलाच विचारली गेली, आणि ती पुन्हा आली नाही. पुढच्या वेळी गट लहान असावेत आणि स्त्रियांची बैठक वेगळी व्हावी, असे मी पाळकांना लेखी कळवले आहे. शुल्क काही नाही. सभागृहावर पत्रे आहेत आणि मार्चमधले सोलापूर सर्वांना ठाऊक आहे, तेव्हा पाण्याची बाटली सोबत न्यावी.